जपानी शहरांतील शेजारधर्म

जपानी शहरें पाहून परतलेला प्रवासी बहुधा दोनच गोष्टी सांगतो: गाड्या वेळेवर धावतात आणि रस्त्यावर कागदाचा कपटाहि दिसत नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण 'तो समाजच मुळीं शिस्तीचा' एवढें म्हणून थांबलें, म्हणजे त्या शिस्तीमागचे कष्ट नजरेआड होतात. आम्ही उभयतां क्योतो, टोकियो आणि ओसाका या शहरांतून हिंडलों, तें राजवाडे व देवळें पाहण्यापेक्षां गल्लीबोळांतूनच अधिक. तेथें जें दिसलें त्यावरून ही शिस्त कशावर उभी आहे, तें सांगण्याचा आज विचार आहे.

क्योतो नगर ७९४ सालीं राजधानी म्हणून वसलें, बुद्धिबळाच्या पटासारखे आडवे-उभे रस्ते आखून. जुन्या पेठांतील घरांचें तोंड अरुंद आणि आंत खोली फार. अशा घराला तिकडे 'वाम माशाचें अंथरूण' म्हणतात. भिंतीला भिंत लागलेल्या या घरांतून सकाळीं कोणी वृद्ध गृहिणी खराटा घेऊन बाहेर येते, दारापुढचा रस्ता झाडते आणि उन्हाळा असल्यास पाण्याचा सडा घालते. या झाडण्याला एक अलिखित नियम आहे. आपली हद्द संपली तरी शेजाऱ्याच्या दारापुढची फूटभर जागा झाडावयाची; त्याहून अधिक मात्र नाहीं. हद्दीवरच थांबलें तर तो तुसडेपणा. सगळेंच झाडलें तर शेजारणीला आळशी ठरविल्यासारखें होतें आणि तिच्यावर उपकाराचें ओझें पडतें. दुसऱ्याचें थोडें आपण करावें, पण त्याला मिंधें करूं नये, हा जो शेजारधर्म, तोच पुढें शहराशहरांतून निरनिराळ्या रूपांनीं भेटतो.

टोकियोंत रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या शोधूनहि क्वचितच सांपडतात. मार्च १९९५ मध्यें तेथील भुयारी रेल्वेंत एका पंथाच्या अनुयायांनीं सारिन नांवाचा विषारी वायु सोडला. त्यानंतर पुष्कळ ठिकाणच्या पेट्या सुरक्षिततेसाठीं काढून टाकण्यांत आल्या. लोक केळ्याचें सालसुद्धां पिशवींत घालून घरीं नेतात. घरीं तरी सुटका कोठें? जळणारा कचरा एके दिवशीं, बाटल्या व डबे दुसऱ्या दिवशीं, अशा वारांप्रमाणें तो ठरलेल्या जागीं ठेवावयाचा आणि कावळ्यांनीं उपसूं नये म्हणून वर जाळें पसरावयाचें. चुकीच्या वारीं ठेवलेली पिशवी गाडीवाले चिठ्ठी चिकटवून तेथेंच सोडून जातात. ही संवय शाळेंतच लागते. बहुतेक शाळांतून मुलें आपले वर्ग स्वतःच झाडतात-पुसतात.

हरवलेली वस्तु परत मिळते, याचेंहि असेंच आहे. ठिकठिकाणीं 'कोबान' म्हणजे छोटी पोलीसचौकी असते, त्यामुळें सांपडलेली वस्तु नेऊन देणें सोपें जातें. कायद्याप्रमाणें मालकानें ती आणून देणाऱ्यास शेंकडा ५ ते २० बक्षीस द्यावयाचें, आणि ३ महिने मालक आलाच नाहीं तर बहुतेक वस्तु सांपडविणाऱ्याच्या होतात. २०१९ सालीं एकट्या टोकियोच्या पोलिसांकडे ४० लाखांवर वस्तु जमा झाल्या. तेथील सचोटीला सोयीची अशी जोड दिलेली आहे.

ओसाकांत आम्ही 'सेंतो' म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांत गेलों. पुरुषांचें व बायकांचें दार निराळें. ह्यांनीं एक वाट धरली, मीं दुसरी. आंत ठेंगण्या चौरंगावर बसून अंग साबणानें स्वच्छ धुवावयाचें आणि मगच कढत पाण्याच्या सामाईक हौदांत उतरावयाचें. कारण तें पाणी मागून येणाऱ्याचेंहि असतें. शेजारच्या आजीबाईंनीं मला खुणेनेंच केंस वर बांधावयास सांगितलें. त्या खुणेंत धाक नव्हता. नवख्या सुनेला घरची रीत दाखवावी तशी ती खूण होती.

हा शेजारधर्म मात्र आतां कसोटीला लागला आहे. १९६८ च्या सुमारास देशांत १८ हजारांच्या आसपास सेंतो होते. पुढें घरोघरीं न्हाणीघरें झालीं, आणि आज ते २ हजारांहूनहि कमी उरले आहेत. २०२० च्या शिरगणतींत शंभरांपैकीं ३८ घरांत एकच माणूस राहत असल्याचें आढळलें. एकट्यानेंच राहून एकट्यानेंच मरावें आणि तें उशिरां उघडकीस यावें, अशा मृत्यूला तिकडे 'कोदोकुशी' असा निराळा शब्दच रूढ झाला आहे. हौदावर रोज भेटणारी म्हातारी दोन दिवस आली नाहीं तर तिची चौकशी होऊं शकते. घरच्या न्हाणींत ती कोणीं करावी? खराटा धरणारे हातहि थकत चालले आहेत. शिवाय हा सगळा भार फार करून बायकांच्याच वांट्याला आला, हेंहि विसरूं नये.

म्हणून जपानी शहरांचें कौतुक करतांना झाडलेल्या रस्त्यावरच नजर थांबूं नये. रस्ता काय, नगरपालिकाहि झाडील. ती फूटभर जागा झाडावयास मात्र शेजारीच लागतो, आणि शेजारी कायद्यानें किंवा यंत्रानें निर्माण करतां येत नाहीं.