पांझरा कोणीकडे वाहते?

मुलांनो, भूगोलाच्या परीक्षेस आठ दिवस उरले आहेत. घरी पाठ्यपुस्तक एकच असून तेही चुलतभावाबरोबर वाटून घ्यावयाचे आहे. संध्याकाळी शेतावरून परतेपर्यंत दिवेलागण होते आणि नेमक्या त्याच वेळी वीज जाते. जळगाव-धुळ्याकडील कित्येक विद्यार्थ्यांची सहामाही परीक्षा अशीच येते. कारण ऑक्टोबर महिना हा जसा परीक्षेचा, तसाच कापूस वेचणीचाही महिना होय. घरची सारी माणसे शेतात वाकलेली असताना मुलाने एकट्यानेच पुस्तक घेऊन बसावे, हे त्यालाही बरे वाटत नाही. अशा विद्यार्थ्याने थोड्या वेळात आणि थोड्या साधनांत भूगोलाची उजळणी कशी करावी, हा प्रश्न मला शाळेत अनेकदा विचारला गेला. आरंभीची काही वर्षे मी त्याचे जे उत्तर देत असे ते चुकीचे होते, हे प्रथमच सांगून टाकतो.

माझे उत्तर असे, “पाठ करा.” तापीच्या डाव्या तीराच्या उपनद्या आम्ही वर्गात पाढ्यांप्रमाणे एका सुरात म्हणत असू : पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. मग उजव्या तीराच्या : अनेर, अरुणावती, गोमाई. मुलांचा आवाज पटांगणापर्यंत जाई आणि मला समाधान वाटे. एका सहामाही परीक्षेत मी ‘पांझरा नदीची माहिती लिहा’ असा प्रश्न घातला. एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले : “तापी ही पश्चिमवाहिनी नदी आहे. पांझरा ही तापीची उपनदी आहे. म्हणून पांझरा नदी पश्चिमेकडे वाहते.”

अक्षर सुरेख होते आणि तर्कही वरवर पाहता बिनचूक होता. परंतु हा मुलगा पांझरेच्याच काठी, धुळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात राहणारा! मी त्याला बोलावून घेतले.

“नदीवर जातोस ना रे?” मी विचारले.

“रोज जातो, सर. बैल धुवायला जातो.”

“तुझी चप्पल पाण्यात पडली, तर ती वाहत कोणीकडे जाईल?”

“धुळ्याकडे.”

“आणि धुळे तुझ्या गावाच्या कोणत्या बाजूस आहे?”

“उगवतीला,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला.

त्याचे गुण मी कापले होते खरे. पण त्या रात्री मला वाटले की, या चुकीतील मोठा वाटा माझा आहे. मी त्याला नद्यांची नावे दिली, पण त्या नद्या ज्या जमिनीवरून वाहतात ती जमीन दिली नाही. म्हणून त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पाठ केलेले वाक्य अधिक खरे वाटले.

पांझरा पूर्वेकडे का वाहते, हे एकदा नीट पाहू. खानदेशाच्या पश्चिमेस सह्याद्री आहे, उत्तरेस सातपुडा आहे आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आहेत. या डोंगरांच्या कोंदणात तापीचे खोरे पसरले आहे. पांझरेचा उगम साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या परिसरात, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूस होतो. तेथील जमीन पूर्वेकडे उतरती आहे, म्हणून नदी उगवतीच्या दिशेने धुळ्याकडे येते. धुळे ओलांडून काही अंतर गेल्यावर ती उत्तरेकडे वळते आणि मुडावद येथे तापीस मिळते. गिरणेचेही तसेच. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीवर उगम पावून ती आधी पूर्वेकडे धावते आणि नंतर उत्तरेकडे वळून तापीकडे जाते.

मग तापी स्वतः पश्चिमेकडे का जाते? तिचा उगम मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर उंच राहिले आणि मधली जमीन खचून जी लांबट दरी निर्माण झाली, तिला आपण खचदरी म्हणतो. या दरीचा उतार पश्चिमेकडे आहे. म्हणून ७२४ किलोमीटरचा प्रवास करून तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. उपनदीने मुख्य नदीच्याच दिशेने वाहावे असा काही निसर्गाचा नियम नाही. पाणी उताराला विचारते, नावाला विचारत नाही.

आता उजळणीकडे वळू. पुस्तक एकच असेल, तर ते आधी उघडूच नये! हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. पाटीवर, जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर किंवा तेही नसल्यास अंगणातील मातीत काडीने खानदेशचा नकाशा केवळ आठवणीने काढावा. उत्तर दिशा वर धरावी. प्रथम तीन डोंगर, मग मधून उजवीकडून डावीकडे तापी, मग तिला येऊन मिळणाऱ्या नद्या, मग गावे. जे आठवणार नाही तेथे रिकामी जागा सोडावी. अंदाजाने काहीतरी भरून स्वतःची फसवणूक करू नये. नंतरच पुस्तक उघडावे, चुकले असेल ते दुरुस्त करावे आणि तेवढाच भाग वाचावा. संपूर्ण धडा पुन्हा वाचण्यास एक तास लागतो. चुकलेला आणि सुटलेला भाग वाचण्यास दहा मिनिटे पुरतात. राहिलेला वेळ पुस्तकाच्या दुसऱ्या धन्यास मिळतो, हा वेगळा लाभ.

दुसऱ्या दिवशी तोच नकाशा पुन्हा काढावा, आणि मग तीन-चार दिवसांनी एकदा. असे अंतर सोडून का करावे? हर्मान एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन संशोधकाने १८८५ साली याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या केल्या आणि त्या स्वतःच पाठ करून आपण किती विसरतो ते मोजले. पहिल्या तासाभरातच पाठांतराचे निम्म्याहून अधिक श्रम वाया जातात, असे त्यास आढळले. त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. जी यादी पक्की होण्यास एकाच दिवशी ६८ आवृत्त्या कराव्या लागत, तीच तीन दिवसांत वाटून केल्यास ३८ आवृत्त्यांत तितकीच पक्की होई. आणि निरर्थक अक्षरांऐवजी त्याने बायरन या इंग्रज कवीची कविता पाठ केली, तेव्हा तर सुमारे एक दशांश श्रमच पुरले. कारण कवितेस अर्थ होता. ‘वाघूर, गिरणा, बोरी’ ही नावे अर्थावाचून घोकणाऱ्या मुलाची स्थिती त्या निरर्थक याद्यांसारखीच असते.

या नावांना अर्थ येतो तो प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींतून. तुमच्यापैकी कित्येकांनी जळगावहून धुळ्यास एस. टी. ने प्रवास केला असेल. खिडकीशी बसण्यासाठी भांडणही केले असेल. आता डोळे मिटून तोच प्रवास करा. जळगाव सोडले की बांभोरीच्या पुलावर गिरणा लागते. एरंडोलला अंजनी, ही पुढे गिरणेसच मिळते. पारोळ्याच्या परिसरात बोरी आणि धुळ्यास पांझरा. गाडी पश्चिमेकडे चालली आहे आणि या नद्या तापीच्या ओढीने उत्तरेकडे निघाल्या आहेत. म्हणून आपला रस्ता त्यांना एकामागून एक ओलांडतो. डाव्या तीराच्या उपनद्यांचा क्रम तुम्ही तिकीट काढून शिकला होता, केवळ ते तुमच्या लक्षात आले नव्हते. अजिंठ्याची लेणी पाहण्यास सहल गेली असेल, तर लेण्यांच्या पायथ्याशी वळण घेऊन जाणारा प्रवाह आठवा. तीच वाघूर.

अशी उजळणी करण्यास दिवा लागत नाही. कापूस वेचताना, गुरांमागे चालताना, पाणी भरताना ती करता येते. एक प्रश्न मनाशी धरावा आणि ओळीच्या शेवटापर्यंत त्याचे उत्तर जुळवावे. माझ्या मते भूगोलात सर्वाधिक गुण जातात ते ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नात. आणि कारणे शोधण्यास शेतासारखी जागा नाही. ‘खानदेशात कापसाचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते’ हेच विधान घ्या. ज्या जमिनीत तुम्ही उभे आहात ती काळी का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. त्यापासून बेसाल्ट खडक झाला आणि तो झिजून ही काळी माती झाली. ती ओल पुष्कळ काळ धरून ठेवते. येथे पाऊस बेताचाच पडतो, कारण समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीच्या पलीकडेच बरेचसे रिते होतात. अशा बेताच्या पावसातही कापूस तग धरतो तो या धरून ठेवलेल्या ओलीवर. पुढे कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन मिळाले की बोंडे चांगली फुटतात. अवेळी पाऊस आला तर काय होते, ते तुमच्या वडिलांना विचारा. खडक, माती, पाऊस, हवा असे एकात एक गुंतलेले उत्तर ज्याने स्वतः जुळवले, त्यास ते पाठ करावे लागत नाही.

मग त्याच जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे कापसापेक्षा केळीचे नाव अधिक का? केळीस तर भरपूर पाणी लागते. तेथे सातपुड्यावरून येणारे ओढे पायथ्याच्या भरड गाळात मुरतात आणि ते पाणी तापीपर्यंतच्या विहिरींना मिळते; शिवाय गाळाची जमीन खोल आहे. पिकलेला माल दूर दिल्लीपर्यंत नेण्यास रेल्वेही जवळ आहे. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र हे वर्ष आठवले नाही म्हणून कष्टी होऊ नका. पाण्याचे कारण विसरलात, तर मात्र उत्तर अपुरे राहील.

जुने पुस्तक मागून आणले असेल, तर एक सावधगिरी बाळगावी. नद्या व डोंगर जुन्या पुस्तकातून खुशाल शिकावेत. ते आहेत तेथेच आहेत. जिल्हे मात्र बदलतात. १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० नंतर त्यांस जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि २०१४ साली पालघर झाल्यावर महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. फार जुने पुस्तक असेल, तर त्यात शहादे तालुका धुळे जिल्ह्यातच दाखवलेला असेल. तेवढे वर्गाच्या भिंतीवरील नव्या नकाशावरून मधल्या सुट्टीत जुळवून घ्यावे.

परीक्षेत केवळ खानदेश विचारणार नाहीत, ही तुमची शंका रास्त आहे. परंतु आपला मुलूख पक्का झाला की दुसऱ्यांचा मुलूख त्याच्याशी ताडून पाहता येतो. जळगाव मे महिन्यात भाजून निघते आणि त्याच वेळी मुंबईचे ऊन तितके चढत नाही. असे का, हा प्रश्न पडला की समुद्रसान्निध्याचा धडा निम्मा झाला. तापीसारखी पश्चिमेकडे जाणारी मोठी नदी आणखी कोणती, हे शोधू गेलात की नर्मदा सापडते.

तो पांझरेकाठचा मुलगा वार्षिक परीक्षेपूर्वी एके दिवशी माझ्याकडे आला. हातात दिनदर्शिकेचे पान होते. नकाशात पांझरा उगवतीकडे वाहत धुळ्यास आली होती आणि पुढे उत्तरेस वळली होती. धुळे त्याने नदीच्या दोन्ही काठांवर दाखवले होते. “देवपूर पलीकडे आहे ना, सर,” असे वर सांगितले. परंतु तो नकाशा दाखवण्यास आला नव्हता. त्याला एक अडचण पडली होती. “गिरणा नाशिक जिल्ह्यात निघते, आणि गोदावरीही त्र्यंबकेश्वरला, नाशिक जिल्ह्यातच निघते. मग एकीचे पाणी अरबी समुद्रात आणि दुसरीचे बंगालच्या उपसागरात कसे?”

मी त्याच्या हाती खडू दिला आणि फळ्यावर दोन्ही नद्या काढावयास सांगितले. त्याने त्या काढल्या, थोडा वेळ पाहत उभा राहिला, आणि दोहोंच्या मध्ये एक जाड रेघ ओढून तिच्यावर ‘डोंगर’ असे लिहिले. मग पुस्तक उघडून त्याने त्या डोंगराचे नाव शोधले : सातमाळा.