टर्मिनसचं गणित जिन्यावर

3 मार्च 2019 रोजी परळ टर्मिनस सुरू झालं आणि पूर्वी दादरला संपणाऱ्या काही लोकल तिथून सुटू लागल्या. टर्मिनस म्हटलं की आपण फलाट मोजतो. खरी चणचण वेळेची असते. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरहून लांब. ती परत फिरवायची तर प्रवासी उतरणार, चढणार, मोटरमन आणि गार्ड टोकं बदलणार. तोवर फलाट अडकलेला. मागून तीन-चार मिनिटांत दुसरी गाडी हजर. म्हणून परतणाऱ्या गाडीला वेगळी मार्गिका हवी.

पण माझ्या मते आराखड्याची सुरुवात जिन्यापासून व्हावी. मीटरभर रुंद जिन्यावरून मिनिटाला साधारण 60 माणसं जातात, तीही गर्दी सरकत असेल तर. चार मीटरच्या जिन्यावरून 240. एका लोकलमधून हजार जण उतरले, तर चार मिनिटांनीही जिना मोकळा होत नाही.

29 सप्टेंबर 2017, दसऱ्याच्या आदली सकाळ. परळला जोडणाऱ्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसामुळे लोक जिन्यातच थांबले आणि मागून गाड्यांमधली माणसं येतच राहिली. चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. चौरस मीटरमागे सहा-सात माणसं झाली की पावलं आपल्या ताब्यात राहत नाहीत; एकाचा धक्का लाटेसारखा पार पुढपर्यंत जातो, आणि पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही.

लष्कराने तिथे बांधलेला नवा पूल 27 फेब्रुवारी 2018 ला खुला झाला. पण नुसता नवा पूल पुरत नाही; जिन्याची रुंदी दिवसाच्या सरासरीवर नव्हे, सर्वांत गर्दीच्या पाच मिनिटांवर काढायला हवी. पावसात थांबणाऱ्यांसाठी छपराखालची जागाही त्याच हिशेबात धरायची, जिन्याच्या तोंडापासून दूर.