दोन तृतीयांशांचे राज्य

१८ एप्रिल २०११ रोजी हंगेरीच्या संसदेने नवी राज्यघटना २६२ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर केली. विधेयक मांडले गेले होते मार्चच्या मध्यावर. म्हणजे सगळे मिळून पाचेक आठवडे. समाजवादी आणि हरित पक्षाने मतदानावर बहिष्कार टाकला. सार्वमत घेतले गेले नाही. मसुद्याचे एक प्रमुख शिल्पकार योझेफ सायेर यांनी तर आपण ही घटना आयपॅडवर लिहीत असल्याचे कौतुकाने जाहीर केले होते. आपल्या संविधान सभेला जवळजवळ तीन वर्षे लागली हे शाळेपासून पाठ असलेल्या मराठी वाचकाला हा वेग खटकेल. मला त्याहून जास्त खटकली ती दुसरीच गोष्ट : या सगळ्यात बेकायदेशीर असे काही शोधून सापडत नाही.

गेली काही वर्षे मी या एका देशाचा पिच्छा पुरवतो आहे. मला हंगेरियन भाषा येत नाही आणि कायद्याची पदवीही माझ्याकडे नाही. घटनेचा इंग्रजी अनुवाद, युरोपीय न्यायालयांचे निवाडे आणि निवडणूक निकालांचे तक्ते एवढ्या सामग्रीवर हा अभ्यास चालला आहे. तुर्कस्तान, व्हेनेझुएला, एल साल्वादोर ही उदाहरणेही डोळ्यांसमोर आहेत. पण हंगेरी युरोपीय संघाची सदस्य असल्यामुळे तिथे घडलेले जवळजवळ सारे कागदावर नोंदले गेले आहे. घराबाहेर न पडता अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीचा देश नाही.

व्हिक्टर ओर्बान हा काही बराकीतून आलेला सेनापती नव्हे. १६ जून १९८९ रोजी इम्रे नॉज यांच्या अस्थींचे सन्मानाने पुन्हा दफन झाले, तेव्हा बुडापेस्टच्या वीर चौकात सोव्हिएत फौजांनी देश सोडावा असे ठणकावून सांगणारा २६ वर्षांचा दाढीवाला तरुण तोच. १९९८ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि २००२ मध्ये हरला. २००६ मध्ये पुन्हा हरला. त्याच वर्षी समाजवादी पंतप्रधान फेरेन्त्स ज्युर्चान्य यांचे पक्षाच्या बंद बैठकीतले भाषण फुटले. आपण सकाळ-संध्याकाळ लोकांशी खोटे बोललो, अशी त्यात कबुली होती. पाठोपाठ २००८ चे आर्थिक अरिष्ट आले. स्विस फ्रँकमध्ये घरकर्ज घेतलेल्या लाखो कुटुंबांचे हप्ते चलन घसरल्याने फुगले. २०१० मध्ये ओर्बानच्या फिदेस आघाडीला सुमारे ५३ टक्के मते आणि ३८६ पैकी २६३ जागा मिळाल्या. दोन तृतीयांशांहून जास्त. आणि घटना बदलायला हंगेरीत दोन तृतीयांश सदस्य पुरतात.

नवी घटना करायची तर तिची कार्यपद्धती चार पंचमांश मतांनी ठरावी, अशी तरतूद १९९५ मध्ये घटनेत घातली होती. हे कलम मात्र दोन तृतीयांशांनी काढून टाकता येत होते! कुलूप भक्कम, पण किल्ली त्याच कडीला टांगलेली. २०१० मध्ये ते कलम काढले गेले आणि वाट मोकळी झाली.

मग न्यायसंस्था. घटना न्यायालयाचे न्यायाधीश ११ वरून १५ झाले आणि त्यांची नावे सुचवण्यात विरोधकांना असलेला वाटा संपला. सर्वसाधारण न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले. अनुभवी मंडळी एका फटक्यात घरी. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आंद्राश बाका यांनी या बदलांवर जाहीर टीका केली होती. न्यायालयाचे नाव बदलून, नव्या पदासाठी देशांतर्गत न्यायदानाच्या अनुभवाची अट घालून, त्यांना मुदतीआधीच हटवले गेले. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात बाका २०१६ मध्ये अंतिमतः जिंकले. निवृत्तीचे वय उतरवणे चूक होते असे युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१२ मध्ये सांगितले. तोवर रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर बहुतेक ठिकाणी दुसरे लोक बसलेले होते. निकाल लागतो, खुर्ची परत मिळत नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने न्यायालय म्हणाले, की संसद घटना दुरुस्त करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. आणीबाणीतल्या ४२ व्या दुरुस्तीने घटनादुरुस्त्यांना न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवू पाहिले. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने तो भाग रद्द ठरवला. हंगेरीत मार्च २०१३ च्या चौथ्या दुरुस्तीने नेमके तेच केले. दुरुस्तीची कार्यपद्धती तपासा, आशय तपासू नका, असे न्यायालयाला बजावले आणि २०१२ पूर्वीच्या न्यायालयीन निकालांचे बळही काढून घेतले. तिथे मिनर्व्हा मिल्स घडले नाही. आपले ते एक मत इकडचे तिकडे झाले असते तर काय, हा विचार मला अधूनमधून झोपू देत नाही.

निवडणुकीचे गणित मात्र जरा सावकाश पाहायला हवे, कारण वर्तमानपत्री चर्चेत ते हटकून सुटते. संसद ३८६ वरून १९९ सदस्यांची झाली. १०६ मतदारसंघातून, ९३ पक्षाच्या यादीतून. मतदारसंघांच्या सीमा कायद्यातच लिहिल्या आणि दुसरी फेरी रद्द झाली. पूर्वी पहिल्या फेरीनंतर विखुरलेले विरोधक एकत्र येऊ शकत. आता एकाच फेरीत ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. खरी मेख पुढे आहे. पराभूत उमेदवाराची मते वाया जाऊ नयेत म्हणून ती त्याच्या पक्षाच्या यादीत मिळवतात. हे पूर्वीही होते. नव्या कायद्याने विजेत्याच्या जादा मतांनाही तीच सवलत दिली. समजा, एकाला ३०,००० आणि दुसऱ्याला २०,००० मते पडली. दुसऱ्याची २०,००० मते त्याच्या यादीत जातील. पण पहिल्याला जिंकायला २०,००१ पुरली असती, म्हणून उरलेली ९,९९९ मतेही त्याच्या यादीत! जागाही त्याची आणि भरपाईही त्यालाच.

परिणाम बघा. २०१४ मध्ये फिदेसची मते सुमारे ४५ टक्क्यांवर घसरली, तरी १०६ पैकी ९६ मतदारसंघ आणि एकूण १३३ जागा मिळाल्या. १९९ चे दोन तृतीयांश म्हणजे १३२.६७. एक जागा कमी पडती तर घटना बदलण्याची ताकद गेली असती. २०१८ मध्ये ४९ टक्के, पुन्हा बरोबर १३३. शेजारच्या देशांतल्या हंगेरियन वंशाच्या नव्या नागरिकांना टपालाने मतदानाची सोय आहे. लंडनमध्ये नोकरीला गेलेल्या आणि घरचा पत्ता हंगेरीत असलेल्या तरुणाने मात्र वकिलातीत रांग लावायची. पहिला गट फिदेसला भरभरून मते देतो, हे सांगायला नको.

माध्यमांची कथा आपल्याला फारशी अपरिचित नाही, म्हणून थोडक्यात. नेपसाबाडशाग हे विरोधी सुराचे मोठे दैनिक ८ ऑक्टोबर २०१६ रोजी अचानक बंद पडले. २०१८ च्या नोव्हेंबरात चारशेहून अधिक माध्यमे त्यांच्या मालकांनी एका प्रतिष्ठानाला चक्क दान केली, आणि राष्ट्रीय महत्त्वाची बाब म्हणून सरकारने या व्यवहाराला स्पर्धा आयोगाच्या तपासणीतून सूट दिली. दात्यांमध्ये लोरिंत्स मेसारोश होते : ओर्बानच्या फेल्चूत गावचे, मूळचे गॅसची नळजोडणी करणारे, आता देशातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ. २०२२ मध्ये सहा विरोधी पक्षांनी मिळून पेतेर मार्की-झाय यांना उभे केले. सरकारी दूरचित्रवाणीने त्यांना दिली पाच मिनिटे.

यातल्या एकेका तरतुदीवर बोट ठेवले, की हे तर अमुक युरोपीय देशातही आहे, असे उत्तर ओर्बान सरकारकडून येत असे आणि ते पुष्कळदा खरे असे. प्रिन्स्टनच्या अभ्यासक किम लेन शेपल यांनी म्हणूनच याला फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसावरून ‘फ्रँकेनस्टेट’ म्हटले : अवयव चांगल्या घरचे, जोडून तयार झालेला देह भलताच. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात इशारा दिला होता, की घटनेचा एक शब्द न बदलता, केवळ कारभाराची पद्धत बदलून ती विकृत करता येते. हंगेरीने शब्दही बदलले, कारभारही बदलला.

तरीही मतदारांना मूर्ख म्हणणाऱ्यांशी माझे जुळत नाही. ओर्बानने फ्रँकमधली घरकर्जे स्थानिक चलनात फिरवायला बँकांना भाग पाडले, वीज-गॅसची बिले उतरवली. आधीच्या राज्यकर्त्यांनी ज्यांचे हप्ते थकू दिले, त्या माणसाला घटना न्यायालयात ११ जण बसतात की १५, याचे काय? उदारमतवाद्यांनी या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही. तिथेही नाही आणि इथेही नाही.

एप्रिल २०२६ मध्ये हंगेरीत निवडणूक ठरलेली होती. पूर्वी फिदेसच्याच वर्तुळात वावरलेले पेतेर मज्यार आणि त्यांचा तिसा पक्ष यांनी २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत ३० टक्क्यांच्या आसपास मते घेऊन पहिल्यांदाच खरे आव्हान उभे केले.  दोन तृतीयांश नसतील तर निवडणूक, न्यायालये, माध्यमे यांविषयीचे ‘मुख्य कायदे’ जिंकणाऱ्यालाही बदलता येत नाहीत. पोलंडमध्ये २०२३ च्या सत्तांतरानंतर टुस्क सरकारची नव्या सुधारणा राष्ट्राध्यक्षांच्या सहीवाचून अडताना काय दमछाक झाली, ते आपण पाहिले आहे. हंगेरीत गाठ आणखी घट्ट आहे. राष्ट्राध्यक्ष तमाश शुयोक यांची मुदत २०२९ पर्यंत. अनेक वर्षे सरकारी महाअभियोक्ता असलेले पेतेर पोल्ट २०२५ मध्ये घटना न्यायालयाचे अध्यक्ष झाले. तीन जणांची एक अर्थसंकल्प परिषद आहे. तिच्या संमतीशिवाय अर्थसंकल्प मंजूर होत नाही, आणि ३१ मार्चपर्यंत तो मंजूर झाला नाही तर राष्ट्राध्यक्ष संसद विसर्जित करू शकतात. या परिषदेच्या तिन्ही खुर्च्या भरल्या गेल्या त्या फिदेसच्या राज्यात.