वद्य नवमीचे पाहुणे

हवाईतल्या ओआहू बेटावर हनौमा नावाचा एक छोटासा उपसागर आहे. खरं म्हणजे ते एका जुन्या ज्वालामुखीचं तोंड! त्याची एक कड समुद्राने फोडली, पाणी आत शिरलं आणि खाऱ्या पाण्याची एक भलीमोठी वाटी तयार झाली. मोठ्या लाटा प्रवाळांच्या रांगेवर आपटून फुटतात, त्यामुळे आत किनाऱ्यालगत पाणी उथळ आणि संथ. डोळ्यांवर मास्क, दातांत नळी, आणि पोटावर तरंगत खाली बघायचं. याला म्हणतात स्नॉर्केलिंग. आपल्या मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लोक असेच मासे बघतात.

हनौमात कान देऊन ऐकलं तर पाण्याखाली 'कुरुम कुरुम' आवाज येतो. तो पोपटमासा. खडकावरचं शेवाळ खरवडताना तो चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही तोडतो, घशातल्या दातांनी त्याचा भुगा करतो आणि पुढे जाता जाता मागून पांढरा ढग सोडतो. हो, शीच ती! एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. त्या मऊ पांढऱ्या वाळूवर ऐटीत लोळणाऱ्या मोठ्या माणसांना हे जरूर सांगा.

आता या वाटीची गंमत बघा. बाहेरच्या लाटा आत येत नाहीत, तसं आत पडलेलंही चटकन बाहेर जात नाही. १९८०च्या दशकात इथे एकेका दिवशी हजारो माणसं यायची आणि माशांना पाव, अगदी फ्रोझन मटारसुद्धा खाऊ घालायची. माशांना मटार! उरलंसुरलं पाण्यात कुजायचं, आणि दांडगे मासे खाऊसाठी माणसांच्या अंगावर यायचे. शेवटी खाऊ घालण्यावर बंदी आली. पण पायांचं काय? हजारो पाय वाळू ढवळतात, पाणी गढूळ होतं आणि खाली ऊन पोचत नाही. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर जगतं आणि प्रवाळाला जेवू घालतं. म्हणजे ऊन नाही तर प्रवाळाचं जेवणही नाही.

पाण्याचा नितळपणा मोजायची एक जुनी युक्ती आहे. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने दोरीला तबकडी बांधून समुद्रात सोडली. ती कुठे दिसेनाशी होते ते बघायचं, झालं! २०२० साली कोरोनामुळे हनौमा कित्येक महिने बंद राहिलं आणि पाणी चांगलंच नितळलं. आता तर आठवड्यातून दोन दिवस त्याला सुट्टीच असते.

संथ पाण्याचा एक धोका असा, की माणूस बेफिकीर होतो. स्नॉर्केलिंगची नळी जेमतेम फूट-सव्वा फुटाची का असते? चांगली लांबलचक घेऊन खोल का जात नाहीत? कारण एक मीटर खाली दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनावर पाण्याचा दहा किलो भार पडतो. छातीवर असे कितीतरी चौकोन मावतात! तो भार उचलून वरची हवा आत ओढणं फुप्फुसांना झेपत नाही. शिवाय नळी लांब असेल तर आपणच सोडलेली हवा पुन्हा आत येते. तरंगतानासुद्धा नळीतून श्वास घ्यायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. दम लागला की नळी काढायची, उताणं व्हायचं आणि हात वर करायचा. जीवरक्षकाच्या नजरेत आणि मोठ्या माणसाच्या हाताशीच राहायचं. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, बहुतेक वेळा तो गुपचूप बुडतो.

आणि वद्य नवमीचे ते पाहुणे? बॉक्स जेलीफिश. काचेसारखे पारदर्शक, दिसता दिसत नाहीत, डंख मात्र जबर. ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावर ते पौर्णिमेनंतर साधारण आठ ते बारा दिवसांनी झुंडीने येतात. म्हणजे आपली वद्य अष्टमी ते द्वादशी! फार आले तर हनौमा त्या दिवशी बंद ठेवतात. घरातलं कॅलेंडर काढा, पुढची पौर्णिमा शोधा आणि तिथे कोणत्या तारखांना पोहायला जायचं नाही ते सांगा बघू.