जुनी आर्चटॉप गिटार घेताना

मंडळी, जुनी गिटार बघायला गेलो की आपली नजर आधी चकाकीवर जाते. पण पैसे मोजायचे असतात ते पुराव्याचे, आणि तो एका जागी मिळत नाही; दोन-तीन खुणा जुळवाव्या लागतात.

उदाहरण म्हणून गिब्सनची ईएस-१७५ घेऊ. अमेरिकेत कलामाझूच्या कारखान्यात बनलेली ही गिटार १९४९ साली आली. सुरुवातीला तिला पी-९० पिकअप असे. १९५७ पासून हंबकर आले. आता समजा, विकणारा म्हणतोय '१९५४ची आहे' आणि गिटारीवर हंबकर दिसताहेत. मग एकतर साल चुकीचं, नाहीतर पिकअप मागाहून बसवलेत. पी-९०चे स्क्रू दोन्ही बाजूंच्या कानांतून थेट लाकडात जात. ती बुजवलेली भोकं दिसतात का, ते बघायचं.

नंतर 'एफ'च्या आकाराच्या भोकातून आत टॉर्च मारायचा. लेबलावर 'ए'पासून सुरू होणारा क्रमांक असतो. शिवाय आतल्या लाकडावर कारखान्याचा शिक्का असतो, त्यातलं अक्षर साल सांगतं: १९५२ला झेड, १९५३ला वाय, असं उलट्या क्रमाने १९६१ला क्यू. म्हणजे आपल्या १९५४च्या गिटारीत एक्स हवा. लेबल बदलता येतं, लाकडावरचा शिक्का बदलणं अवघड. म्हणून दोन्ही ताडून बघायचे.

पिकअप बदललेली गिटार वाजायला झकास असू शकते. जरूर घ्या, पण अस्सलच्या भावाने नको.