मेंदूतील दाह आणि सिलतरा येथील धूर

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र स्पंज आयर्न व पोलाद कारखान्यांसाठी ओळखले जाते. कोळशाच्या साहाय्याने लोहखनिजाचे क्षपण करणारा हा उद्योग प्रदूषणाच्या दृष्टीने 'लाल' प्रवर्गात मोडतो. त्याच्या धुराची चर्चा बहुधा दमा व फुप्फुसांपाशीच थांबते. मेंदूपर्यंत ती क्वचितच पोहोचते.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने भोवतालचे रेणू ओळखून पेशीला संदेश देतात. यांपैकी विशेष अभ्यासला गेलेला गट 'टोल-सदृश ग्राहीं'चा होय. (या टोलचा पथकराशी संबंध नाही, फळमाशीवरील संशोधनाच्या वेळी निघालेल्या एका जर्मन आश्चर्योद्गारावरून हे नाव पडले.) टोल जनुकाचे रोगप्रतिकारातील कार्य झ्यूल हॉफमन यांनी १९९६ मध्ये फळमाशीत दाखविले. जीवाणूंच्या आवरणातील विष ओळखणारा टीएलआर-४ हा ग्राही ब्रूस बॉयट्लर यांनी १९९८ मध्ये उंदरांत शोधला. २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे हे दोघेही मानकरी होते.

टीएलआर-४ ला असा रेणू जुळला की मायडी-८८ हे प्रथिन पेशीच्या आत संदेश पुढे नेते, एनएफ-कप्पा-बी हा घटक केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१-बीटा यांसारखी दाहकारक द्रव्ये तयार होऊ लागतात. संसर्गाच्या वेळी ही धावपळ प्राणरक्षक ठरते. मग तिला आवर कोण घालतो? बऱ्याच अंशी चेतापेशीच. त्यांच्याकडून येणारे फ्रॅक्टलकाइन मायक्रोग्लियावरील सीएक्स३सीआर१ या ग्राहीला जुळते व पेशी शांत राहते. ट्रेम-२ हा ग्राही मृत पेशींचा कचरा उचलण्यास साहाय्य करतो. त्यातील काही जनुकीय बदलांमुळे अल्झायमरचा धोका वाढतो, असे २०१३ मध्ये दिसून आले. दाह किती व्हावा आणि किती काळ टिकावा, हे चेतविणाऱ्या व शमविणाऱ्या ग्राहींच्या तोलावर ठरते.

धूलिकण हा तोल बिघडवू शकतात. अतिसूक्ष्म कणांना घ्राणचेतेतून मेंदूत शिरण्याची वाट आहे. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील मृतांच्या मेंदूत, ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांशी साम्य असलेले मॅग्नेटाइटचे कण आढळले. मॅग्नेटाइट हे लोहाचेच ऑक्साइड असल्याने लोहउद्योगाच्या परिसरात या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येत नाही. दुसरी वाट फुप्फुसांची. तेथील दाहाचे संदेश रक्तावाटे मेंदूपर्यंत जातात. मात्रा अल्प असली तरी ती रोजची असते, आणि सतत चेतविलेल्या मायक्रोग्लिया पुढील लहानशा संदेशालाही अवाजवी प्रतिसाद देतात.

अर्थात, एखाद्या कामगाराचा स्मृतिभ्रंश धुरामुळेच झाला असे म्हणता येत नाही. वय, आनुवंशिकता, रक्तदाब हेही घटक असतात. तथापि २०२० मध्ये लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत वायुप्रदूषणाचा समावेश केला. भारतात पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूरचा समावेश आहे. टीएलआर-४ औषधाने सरसकट रोखल्यास जीवाणूंशी लढण्याची क्षमताच घटेल. त्यामुळे तूर्त खरा उपाय भट्टीच्या चिमणीपाशी आहे. तेथील इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर धुरातील कणांना विद्युतभार देऊन पकडतो, मात्र तो रात्रंदिवस चालू ठेवला तरच.