चाकांचे धनुष्य आणि पोटाला टेकवलेली काठी

मे २०२३. शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या अंतिम फेरीत बुलढाण्याचा एकोणीस वर्षांचा प्रथमेश जावकर नेदरलँड्सच्या माईक श्लोएसरसमोर उभा राहिला. श्लोएसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर. पंधरा बाण, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण. श्लोएसरचे १४८ झाले, प्रथमेशचे १४९. ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारून १५० केले आणि तो विश्वविजेता झाला. त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांमध्ये विश्वविजेती ठरली. त्या वर्षीच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताने आणली. पुरुषांच्या सुवर्णविजेत्या संघात अभिषेक वर्माच्या जोडीला ओजस आणि प्रथमेश, म्हणजे तिघांतले दोघे विदर्भाचे.

पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिक झाले, तेव्हा यांच्यापैकी कोणीच तिथे नव्हते. निवड चाचणीत हरले म्हणून नव्हे. त्यांच्या हातातल्या धनुष्यालाच ऑलिम्पिकमध्ये प्रवेश नव्हता.

हे धनुष्य पहिल्यांदा पाहणाऱ्याची प्रतिक्रिया अमरावतीजवळच्या आमच्या बडनेऱ्याकडे ठरलेली असते : ‘हे त मशीनच हाय ना बाप्पा!’ आणि ती अगदीच चूक म्हणता येत नाही. दोन टोकांना चाके, त्यांवरून फिरणाऱ्या तारा, डोळ्यासमोर भिंग, भिंगाजवळ गवंड्याच्या लेव्हलसारखा पाण्याचा बुडबुडा, दोरीत बसवलेले बारीक छिद्र. दोरी बोटांनी ओढायची नाही. ‘रिलीज’ नावाचा लहानसा आकडा ती धरतो आणि सोडतोही. खरी गंमत चाकांची आहे. ती एकसारखी गोल नसून लांबट आकाराची असतात. त्यामुळे दोरी ओढताना मधल्या टप्प्यात सगळा भार येतो आणि पूर्ण ताणल्यावर तो एकदम उतरतो. साठ पौंडांचे धनुष्य असेल, तर नेम धरताना हातात पंधरा-वीस पौंडच उरतात. अमेरिकेतल्या मिसुरीचा हॉलेस विल्बर ॲलन याने ही युक्ती काढली. त्याचे पेटंट १९६९ चे.

ऑलिम्पिकमध्ये आजवर चालले ते रिकर्व्ह. त्याचा सगळा भार शेवटपर्यंत तीन बोटांवर राहतो. भिंग नाही, रिलीज नाही. खेळाडू दोरी ओढून हात हनुवटीखाली टेकवतो, दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला लागते, आणि मग पाठीच्या स्नायूंनी शेवटचे दोन-तीन मिलिमीटर काढायचे असतात. बाणाचे टोक क्लिकर नावाच्या पातळ पट्टीखालून सरकले की ‘टिक’ असा आवाज येतो आणि बोटे सुटतात. ही टिक ऐकू येण्याआधीचे दोन सेकंद जवळून पाहावेत. खांद्याखालचा स्नायू थरथरत असतो, चेहरा मात्र कोरा.

हनुवटीखाली टेकवलेल्या त्या हातावरून गोल्फमधला एक वाद आठवतो. गोल्फचे आणि आपल्या भागाचे तसे काही नाते नाही. पण साधन किती मदत करू शकते, या प्रश्नावर त्या खेळाने जेवढे डोके खाजवले, तेवढे क्वचितच कोणी खाजवले असेल. चेंडू भोकाजवळ आला की तो हलक्या हाताने आत ढकलायची काठी म्हणजे पटर. काही खेळाडूंचा हात नेमका या शेवटच्या दोन-तीन फुटांवर झटका खातो. त्याला यिप्स म्हणतात. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला त्याने वर्षानुवर्षे छळले. यावर उपाय म्हणून लांब पटर आले : कोणी टोक पोटाला टेकवी, कोणी छातीला. टेकलेले टोक हलत नाही आणि काठी लंबकासारखी झुलते.

अशा काठ्या १९८० च्या दशकापासून होत्या, पण तेव्हा त्यावर फारसे कोणाचे पोट दुखले नाही. २०११ मध्ये कीगन ब्रॅडलीने पोटाला टेकवलेल्या पटरने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, २०१२ मध्ये वेब सिम्पसनने यूएस ओपन आणि एर्नी एल्सने ब्रिटिश ओपन. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नियम करणाऱ्या दोन संस्थांनी, म्हणजे आर अँड ए आणि यूएसजीए यांनी, बंदीचा प्रस्ताव मांडला. प्रस्तावावर चर्चा चालू असतानाच एप्रिल २०१३ मध्ये ॲडम स्कॉटने लांब पटरने मास्टर्स जिंकून घोळ आणखी वाढवला. १ जानेवारी २०१६ पासून बंदी लागू झाली. काठी कितीही लांब चालेल, शरीराला टेकवायची नाही. टेकवल्याने गुण सुधारतात, असा पुरावा संस्थांनी पुढे केला नव्हता. काठी दोन्ही हातांत मोकळी फिरावी, हा खेळाचा गाभा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे.

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण त्याची वेळ संशयास्पद आहे. विजेत्यांच्या हातात काठी दिसेपर्यंत गाभा कोणाला आठवला नाही. बंदीनंतर काय झाले, तेही मजेचे आहे. लँगर तीच लांब काठी छातीपासून किंचित दूर धरून खेळत राहिला आणि २०२३ मध्ये पासष्टाव्या वर्षी त्याने यूएस सीनियर ओपन जिंकली. दहा वर्षे यिप्सने बेजार असलेल्या लुकस ग्लोव्हरने त्याच वर्षी लांब पटर हाती घेतला, तो न टेकवता खेळला आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन स्पर्धा मारल्या.

धनुर्विद्येत हात टेकवणे पहिल्या आठवड्यात शिकवतात. थरथर इथेही आहे. नेम लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या भागावर येण्याआधीच बाण सुटतो, किंवा हात पिवळ्याच्या खालीच अडकून बसतो. या आजाराला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि त्याने भल्याभल्यांना मैदान सोडायला लावले आहे. फरक एवढाच की या खेळाने चाकांच्या धनुष्यावर बंदी घातली नाही. त्याला वेगळी रांग दिली. रिकर्व्ह ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यावर, कंपाउंड ५० मीटरवरून ८० सेंटिमीटरच्या. १९९५ पासून मैदानी जागतिक स्पर्धेत कंपाउंडची स्वतंत्र पदके आहेत. दोघांचे गुण एकमेकांशी लावलेच जात नाहीत, त्यामुळे कोणी कोणावर अन्याय केला, असे म्हणायची सोय राहत नाही. गोल्फपेक्षा हे शहाणपणाचे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. शुद्धतेच्या नावाने कंपाउंडला नाके मुरडणाऱ्यांनी रिकर्व्हकडेही नीट पाहावे. कार्बनचे पाते, कंप शोषणारे लांब दांडे, नेम धरायची साइट, क्लिकर. एवढे चालते, मग चाकाशीच गाभा कसा संपतो?

पण वेगळी रांग दिली आणि त्या रांगेच्या शेवटी दार ठेवले नाही, तर काय होते, हे आपल्या पोरांनी भोगले. १९७२ मध्ये धनुर्विद्या ऑलिम्पिकमध्ये परतली, तेव्हापासून पॅरिसपर्यंत सगळी पदके रिकर्व्हची. सरकारी योजना, प्रायोजक, नोकऱ्या, सगळ्यांची नजर ऑलिम्पिकवर. विश्वविजेता झालात तरी ‘ऑलिम्पिकला जाणार का?’ हा प्रश्न चुकत नाही.

अमरावतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बडनेऱ्याहून दहा किलोमीटरवर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभे केलेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाचा चमू तिथे कबड्डी आणि भारतीय व्यायामप्रकार दाखवून आला. ऑलिम्पिकशी असे जुने नाते असलेल्या या शहरातच, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव धनुष्य शिकला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत त्याने रिकर्व्ह सांघिक रौप्य मिळवले; पुढे टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक खेळला. तो रिकर्व्हचा, म्हणून त्याला वाट मोकळी होती.

ज्या पोराच्या घरी पैसा नाही, त्याची सुरुवात मात्र तिसऱ्याच धनुष्याने होते. बांबूचे धनुष्य, ना साइट ना दांडा. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा त्याचा स्वतंत्र गट आहे, ३० आणि ५० मीटरचा. त्यात चांगला निघालेल्या मुलाला पुढे जायचे तर आयात धनुष्य हवे, आणि पूर्ण साहित्याचा आकडा लाखांत जातो. कापसाच्या एका हंगामावर चालणाऱ्या घराला विचारा, रिकर्व्ह शुद्ध की कंपाउंड. साधनाच्या मदतीचा सगळा वाद या घरापर्यंत पोहोचेस्तोवर वेगळाच होऊन जातो : साधन मिळणार कोणाला?

मदतीची सीमा कुठे आखायची, याचे सर्वात चांगले उत्तर मला किश्तवाडच्या शीतल देवीमध्ये दिसते. तिला जन्मतः हात नाहीत. खुर्चीवर बसून उजव्या पायाने ती धनुष्य धरते. दोरी खांद्याला बांधलेल्या रिलीजने ओढते. धनुष्य अर्थातच कंपाउंड. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत तिने कांस्य घेतले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मशीन म्हणून ज्याला हिणवले, त्या धनुष्यामुळेच तिला रेषेवर येता आले. तिचा नेम तिचाच आहे. चाके तो धरून देत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी कंपाउंडला मान्यता दिली, पण एकाच प्रकारात : मिश्र सांघिक. एका देशाचा एक पुरुष, एक महिला. भारताच्या त्या एका पुरुषाच्या जागेवर ओजसचा हक्क आहे, प्रथमेश जावकरचा आहे, अभिषेक वर्माचा आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजूत पुरुष संघाचे जागतिक सुवर्ण आणणाऱ्या ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे यांचाही. महिलांमध्येही ज्योती सुरेखा, अदिती यांच्यासारख्यांत चुरस आहे. म्हणजे दार उघडले ते एका जोडीपुरते, आणि त्यातून आत जाणारे बहुधा निवड चाचणीत एखाद्या गुणाने पुढे असतील.